कडक भाकरीचे चीज बाइट्स कुणाचे?

गेल्या रविवारी सकाळी बेंबळीला जाऊन आले. धाकट्या जावेची माफी मागायला. कशासाठी ते आज या पेजवरच लिहिणार आहे, कारण चूकही मी इथंच केली होती...

दोनेक महिन्यांपूर्वी धाराशिवच्या आमच्या घरी एअर फ्रायर आला. लेकीने हट्ट धरला, चीज बाइट्स कर. मी चीजचे तुकडे कॉर्नफ्लोअरच्या घोळात बुडवले, ब्रेडच्या चुऱ्यात लोळवले आणि आत ठेवले. पाच मिनिटांनी उघडून बघते तर चीज सगळं वितळून जाळीखाली... वर नुसती रिकामी टरफलं. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच.

चौथ्यांदा करायला घेतलं आणि उज्ज्वला आली. ही माझी धाकटी जाऊ. बेंबळीला असते, शेत आणि दोन म्हशी सांभाळते. सासूबाईंच्या गोळ्या न्यायला आली होती. एअर फ्रायर ती पहिल्यांदाच बघत होती.

जाळीवरचं एक टरफल उचलून तिने बोटांनी दाबलं. "ताई, ब्रेडचा भुगा लई मऊ हाय. त्यो चीजला धरून कसा ठेवील? आपली कडक भाकरी कुटून लावा की."

आमच्यासाठी आणलेल्या कडक भाकरी तिच्या पिशवीतच होत्या. तिने दोन भाकरी खलबत्त्यात जाडसर कुटल्या. त्यात तीळ आणि चिमूटभर काळं तिखट. चीजचे तुकडे एकदा घोळवून तासभर फ्रीजरमध्ये, मग परत घोळात बुडवून परत चुऱ्यात. वरून शेंगदाण्याच्या तेलाचा हात... आणि सात मिनिटं.

काय सांगू! बाहेरून कुरकुरीत, आत चीजची लांब तार, आणि एकही फुटलेला नाही. लेकीने ताटली रिकामी केली. उज्ज्वलाने जेमतेम दोन खाल्ले आणि पाचची गाडी धरायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी तसेच परत केले आणि व्हिडिओ टाकला. तोच, ज्याला तुम्ही इतकं डोक्यावर घेतलंत. त्यात मी म्हटलंय, "ही माझी स्वतःची आयडिया आहे हं!"

बोलण्याच्या भरात निघून गेलं, असं मी स्वतःला सांगत राहिले. पण तसं नव्हतं. एडिट करताना ते वाक्य मी चार वेळा ऐकलं होतं... आणि राहू दिलं होतं. उज्ज्वलाकडे साधा फोन. तिच्यापर्यंत हे जाणार नाही, हेही मला पक्कं ठाऊक होतं.

मग आमच्या भागातल्या महिला मंडळाची पाककला स्पर्धा जाहीर झाली. अट एकच, पदार्थ स्वतःच्या डोक्यातून आलेला हवा. बातमी कळल्यावर उज्ज्वलाचा फोन. "ताई, मी त्ये चीजचंच करते. तुमच्याकडंच येऊन भाजते, चालंल का?" लग्नाला चौदा वर्षं झाली तिच्या, कशात तरी भाग घ्यायचा म्हणून पहिल्यांदाच गाव सोडून येत होती. मी म्हणाले, ये की.

त्या सकाळी ती ठेवणीतली हिरवी साडी नेसून आली. पदर खोचून माझ्या ओट्याशी उभी राहिली, एकेक तुकडा उलटून बघत. मी शेजारीच होते. सांगायला चांगला तासभर होता मला... जीभ रेटली नाही. इतक्या दिवसांपूर्वीचा व्हिडिओ कुणाच्या लक्षात असणार, अशी मनाची समजूत घातली.

परीक्षक बाईंनी एक बाइट तोंडात टाकला आणि थांबल्या. हसतच म्हणाल्या, "हे तर मी व्हिडिओत बघितलंय. तुमच्या जाऊबाईंचंच ना? असं दुसऱ्याचं उचलून आणायचं नसतं हो." आजूबाजूच्या चार बायका हसल्या.

उज्ज्वलाने वळून माझ्याकडे बघितलं. मी दोन पावलांवर उभी होते... आणि मी मोबाईल काढून त्यात बघत राहिले.

"व्हय," ती बाईंना म्हणाली. "त्यांच्याकडूनच शिकले."

तिने डबा बंद केला. जेवायला थांब म्हटलं तर धारा काढायच्यात म्हणाली आणि स्टँडकडे चालायला लागली. त्यानंतर तिचा फोन नाही. मी केलेला तिने उचलला नाही.

रविवारी गेले तेव्हा ती गोठ्यात वैरण टाकत होती. मी सगळं सांगितलं, वाक्य चार वेळा ऐकल्याचंसुद्धा. ती वैरण टाकतच राहिली. पेंढी संपल्यावर बोलली.

"बक्षिसाचं काय न्हाय ओ ताई. तुम्ही सकाळीच सांगितलं असतं तर मी दुसरं कायतरी केलं असतं. मला दहा पदार्थ येत्यात. पण बायांनी मला चोर ठरवलं, अन् तुम्ही माझ्याकडं बघितलं बी न्हाय."



तो व्हिडिओ मी काढलेला नाही. काढला तर माझं खोटंही त्याच्याबरोबर झाकलं जाईल. व्हिडिओच्या वर फक्त लिहिलंय की ही कृती बेंबळीच्या उज्ज्वलाची आहे, पहिल्यापासून शेवटपर्यंत. परीक्षक बाईंना आणि मंडळातल्या सगळ्यांनाही भेटून सांगितलं. त्या हळहळल्या. पण स्पर्धा होऊन गेली, आणि त्या दिवशीचं हसू काही परत घेता येत नाही.

त्या रविवारी निघताना उज्ज्वलाने चहा दिला. मी विचारलं, हे सगळं तुझ्या नावानिशी लिहू का?

"लिवा," ती म्हणाली. "पण मी माफ केलं असं लिवू नका. अजून केलं न्हाय."

म्हणून तेवढं लिहीत नाही...