तीन महिन्यांची मुदत

महाळुंग्यात पत्र आलं की ते चावडीवर वाचलं जाई. मास्तर वाचत, ज्याचं असे त्याच्याबरोबर बसलेले सगळे ऐकत. त्यात कुणाला वावगं वाटत नसे.

सत्तावन सालच्या भादव्यात बाळाजीच्या नावानं पुण्याच्या दवाखान्याचं पत्र आलं. त्याची बायको कुशाबाई, अवेळी अंगावरून जातं म्हणून, तिथं दाखवून आली होती. डॉक्टरीणबाईंनी आतलं पुसून काचेच्या पट्टीवर घेतलं होतं आणि तपासायला मुंबईला धाडलं होतं. मास्तर वाचू लागले. 'गर्भाशयाचे तोंड' एवढे शब्द बाहेर पडले, कुणीतरी फिसकन हसलं, आणि बाळाजीनं कागद ओढून घेतला.

घरी येऊन म्हणाला, "काय न्हाई निघालं. आता जायाचं काम न्हाई."

कुशाबाईनं देवीची ओटी भरली. कांदा लावला, काढला. मधूनमधून अंगावरून जाई. काही निघालं नाही म्हणजे थांबेल, अशी ती स्वतःची समजूत घाली.

पुढच्या वर्षी जेठात विहिरीवर मास्तरांच्या यशोदाबाईंनी विचारलं, "कुशे, औषधपाणी संपलं का गं?"

"कसलं?"

"अगं, पत्र आलं होतं ना! ओढून घ्यायच्या आत ह्यांची नजर खालपर्यंत गेली होती. रोग झालेला नाही, पण पुढं होऊ शकतो. तीन महिन्यांत या, लहानशा उपायानं थांबेल. आम्हाला वाटलं, तू जाऊन आलीस."

संध्याकाळी तिनं नवऱ्याला विचारलं, "कागद कुठंय?"

"जाळला."

"का?"

"चारचौघांत तसलं वाचलं. मान खाली गेली माजी."

"मान तुमची. अंग माजं व्हतं."

"बायामाणसांचं असतंय, वाटलं, ऱ्हाईल आपोआप."

दुसऱ्या दिवशी चाकणहून मोटार धरून ती एकटी पुण्याला गेली. या वेळी आतला तुकडा काढावा लागला. कर्करोग निघाला.

"तवा आले असते तर?"

"तेव्हा वेळ होता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

निरोगी आणि रोगी यांच्यामध्ये एवढी लांबरुंद जागा असते, हे कुशाबाईला ठाऊकच नव्हतं. ती जागा नवऱ्यानं तिला न विचारता संपवून टाकली होती.

मुंबईचे उपचार झाले. नंतर ती दोन वर्षं जगली. बाळाजीनं तिचे पाय चेपले, भाकरी थापायला शिकला. रोज विचारायचा, "कसं वाटतंय?"

"बरं हाय," ती म्हणायची.

कुठं दुखतंय ते ती यशोदाबाईंना सांगायची, तो रानात गेल्यावर.