तिच्या वाक्याची जागा

“उपमा खाली ठेवा बाई, माणूस आणा.” असं म्हणताना गुरुजी हातात खडू नसला तरी बोटं झटकायचे.

शाळेतून निवृत्त झाल्यावर शेलूबाजारात, आमच्या भिंतीपलीकडच्या ओसरीवर, ते आम्हा चार-पाच म्हाताऱ्यांना आठवणी लिहायला शिकवत. मी तेव्हा नुकती साठीची पोरगी, शहाणपणाला भारी. माझ्या पहिल्या लेखात आई समई होती, चंद्र होती, वडाचं झाडही होती. बाई तेवढी नव्हती.

“तुमची माय भाकर कशी थापे?”

“फटाफट. शेवटची रागानं.”

“काहून?”

“ती तिच्या वाट्याची असे.”

“मंग हे लिवा ना!”

आईचे शब्द आठवत नाहीत म्हटलं, तर म्हणाले, “शब्द सरकले तरी चालते. बोलणं तिचं वाटलं पाह्यजे.” झालं! मी आईच्या तोंडी इतकं घातलं, की बिचारी जन्मात तेवढं बोलली नसेल.

मग एकदा त्यांनी स्वतःचं वाचलं. वर्षापूर्वी गेलेल्या बायकोवर. तिचं लुगडं, तिचं पाणी भरणं, सगळं हुबेहूब. पण नाव नव्हतं.

“नाव मी कधी घेतलंच नाही,” गुरुजी म्हणाले. “‘आयकून राह्यली का?’ म्हटलं की ये.”

“आणि ती काय म्हणे?”

बराच वेळ त्यांनी आठवून पाहिलं. “हाव म्हणे.”

“एवढंच?”

“मले एवढंच आठवते.”

मी आगाऊपणे म्हटलं, “बनवा मग दोन वाक्यं. तुम्हीच तर शिकवलं.”

“तुमच्या मायचं बनवा. हिचं नाही. जन्मभर हिच्या वाट्याचं मीच बोललो. आता तिचं एक तरी वाक्य आठवू द्या.”

त्यासाठी त्यांनी लेखात एक ओळ कोरी ठेवली. वाक्य आठवायच्या आधी बाकीचं विसरायला लागलं. आधी आमची नावं गेली, मग मुलाचं गेलं. शेवटी शेवटी रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून हाक यायची, “आयकून राह्यली का?”

एकदा मला राहवलं नाही. भाजी निवडता निवडता मीच म्हटलं, “हाव.”

पलीकडून पावलं भिंतीपाशी आली.

“तुमी नका बोलू बाई,” गुरुजी हळूच म्हणाले. “तिले बोलू द्या.”

त्या हिवाळ्यात ते गेले. घराला कुलूप आहे. दिवसभर माझं तोंड बंद नसतं, सुना वैतागतात. पण संध्याकाळी भिंतीजवळ भाजी घेऊन बसले, की मी बोलत नाही.