सातुर्निनाबाईंचे नऊ मोबाइल

जूनमधल्या एका सकाळी मी सातुर्निनाबाईंच्या शाळेचा मोबाइल तुडवून ठार मारला.

मुद्दाम नव्हे हो. आमच्याकडे जून म्हणजे ऐन हिवाळा. रात्रभर गारठ्यात पसरून गोठवलेले बटाटे सकाळी अनवाणी पायांनी तुडवायचे, पाणी काढायचं आणि उन्हात वाळवायचे, की झाला चुन्यो; मग वर्षभर चूल निश्चिंत. तुडवायला ताल हवा, म्हणून मोबाइलवर गाणं लावून तो कमरेच्या पट्ट्यात खोचला होता. कधी निसटला, देव जाणे. गोठलेला बटाटा आणि गोठलेला मोबाइल पायाला अगदी सारखेच लागतात. गाणं बंद पडलं तेव्हा मला वाटलं, संपलं असेल.

शाळेचा मोबाइल माझ्या कमरेला कसा, असं कुणी विचारील. आमच्या गावात कामं घरटी आळीपाळीने येतात. यंदा पाण्याचा पाट एकाकडे, स्मशान दुसऱ्याकडे आणि शाळेचा कारभार माझ्याकडे. यात लायकी बघायची पद्धत नाही. घराची पाळी आली की आलीच. माझ्या छपरावर सौर पत्रा, त्यामुळे मोबाइल चार्ज करणं हे माझं एकमेव काम. तेही असं पार पडलं.

बाईंपुढे ते काचेचं भुस्कट ठेवलं. त्यांनी डोक्यावरची काळी हॅट सारखी केली.

“गाणं तरी चांगलं होतं का रे, हिलारिओन?”

“होतं, बाई.”

“वा! म्हणजे कुणाचं तरी शिक्षण झालं.”

बाई आमच्याच गावच्या. आम्ही एका बाकावर बसून शिकलो. त्या शिकल्या, मी बसलो. पुढे शहरात जाऊन त्या मास्तरीण झाल्या आणि भल्या माणसाने करू नये ते करून बसल्या : परत आल्या. त्याला बावीस वर्षं झाली. गेल्या मार्चात गारांनी शाळेचं छप्पर नेलं. बाईंनी पत्रे मागितले, शिक्षण कचेरीने दोन मोबाइल पाठवले. छप्पर होईपर्यंत मुलांना घरीच मोबाइलवर शिकवा म्हणाले. मुलं नऊ, घरं दोन डोंगरांवर पसरलेली, आणि सिग्नल एकाच टेकडीच्या एकाच खडकावर, तोही वारा नसला तर.

मग बाईंनीच मोबाइल पाठीवरच्या गाठोड्यात बांधला, भाजलेला मका घेतला आणि घरोघर चालत निघाल्या. सोमवारी चार घरं, मंगळवारी तीन, बुधवारी वरची दोन. एकदा खडकावरून कचेरीच्या साहेबांशी बोलताना मी ऐकलं.

“मॅडम, इतकं चालता कशाला? मुलांना पाठ पाठवून द्या ना.”

“पाठवतेच आहे, साहेब. पाठीवर घालून पाठवते.”

मोबाइलमधले पाठही असे, की ऐकून बाईंचं डोकं उठायचं. सर्वांत वरच्या घरातली दैसी, वय वर्षं सात, तिला मोबाइलमधली गोड आवाजाची बाई म्हणाली, “जवळच्या बागेत जा आणि झाडं मोज.”

दैसीने चौफेर पाहिलं. आमच्या उंचीवर झाड उगवत नाही; चरताना दिसतात ते लोकरीचे अल्पाका.

“बाई, अल्पाका मोजू?”

“मोज गं बाई.”

तिने त्रेचाळीस मोजले, तेही न चुकता. मोबाइल म्हणाला, चूक, पुन्हा प्रयत्न करा. दैसी रडकुंडीला आली. बाईंनी मोबाइल गाठोड्यात कोंबला आणि बोटाने मातीत त्रेचाळीस काढून दाखवला.

तशात कचेरीचा हुकूम आला. शुक्रवारपर्यंत नऊच्या नऊ मुलांचे हातात मोबाइल घेऊन शिकतानाचे फोटो पाठवा. एक जरी कमी पडला तर शाळा बंद.

“दोन असते तर एक मुलाच्या हातात दिला असता, दुसऱ्याने फोटो काढला असता,” बाई म्हणाल्या. “आता मोबाइलने स्वतःचाच फोटो कसा काढायचा, ते तूच सांग, कारभारी.”

इतक्या वर्षांत बाईंनी मला पहिल्यांदाच डोकं लागेल असा प्रश्न विचारला होता आणि मला चक्क उत्तर आलं. ओढ्यात काळे, चपटे, तळहाताएवढे दगड पडलेले असतात. त्यातला एक घासून त्यावर थोडी चरबी फिरवली, तर असा चकाकतो की कचेरीच्या बापाला कळायचं नाही.

“लबाडी आहे ही,” बाई म्हणाल्या.

“शाळा बंद होईल, बाई.”

बाईंनी तोंडातला मका गिळला. मग म्हणाल्या, “घास.”

तीन दिवस आम्ही दगड घेऊन हिंडलो. मुलांनी तो असा काही निरखला, की मलाही शंका आली, आत काहीतरी दिसतं की काय! दैसीने तर अंगठाही फिरवला.

शुक्रवारी खडकावर वाऱ्याला पाठ करून बाईंनी एकेक फोटो सोडला. नववा गेला तेव्हा मी हॅट उडवली. तेवढ्यात मोबाइल थरथरला. बाईंनी वाचलं आणि मोबाइल माझ्याकडे दिला.

कचेरी अतिशय खूश होती. नऊ मुलं, नऊ मोबाइल, सगळी एकाग्र. मुलं मोबाइलवर इतकी छान शिकत असल्यामुळे छपराचा अर्ज निकाली काढला होता. शाळा कागदावर चालू राहणार होती. बाईंची मात्र ऑगस्टपासून शहरात बदली.

मी दोनदा वाचलं. बाई दूर, दैसीच्या घराच्या धुराकडे बघत होत्या. त्या घरात पुन्हा कुणी चालत जाणार नव्हतं, आणि ही अक्कल माझी.

“बाई,” मी म्हणालो, “साहेब उत्तराची वाट बघतायत. काय लिहू?”

“खरं ते लिही, आणि खाली तुझी सही कर.”