कुमुदकाकूंचं आम्रखंड

बागेत आल्या की कुमुदकाकू आधी माणसांकडे बघायच्याच नाहीत. कुठल्या झाडाची सावली तासभर टिकेल ते शोधायच्या, तिथे बर्फाचं घमेलं ठेवायच्या, त्यात आम्रखंडाचा स्टीलचा डबा नीट बसवायच्या आणि मगच वळून विचारायच्या, "काय गं, कशी आहेस?"

चंडीगडला बदलीवर आलेली आम्ही दहाबारा मराठी कुटुंबं दरवर्षी जूनमधल्या एका रविवारी संध्याकाळी सेक्टरच्या बागेत जमायचो. प्रत्येक घरानं एक पदार्थ आणायचा. पहिल्या वर्षी मी नाशिकहून नवीनच आलेली. हौसेनं पुरणपोळ्या केल्या, वर तुपाचं भांडंही नेलं. त्या उकाड्यात कुणी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माझं तोंड एवढंसं झालं. काकूंनी एक पोळी उचलली, उभ्यानंच संपवली आणि म्हणाल्या, "चव एकदम पक्की आहे, बाप्पा! पण एवढ्या उन्हाळ्यात काहून जीव काढून राहिली? बागेतलं गोड कसं पाहिजे? गार पाहिजे, अन् उभ्याउभ्या खाता आलं पाहिजे."

काकू नागपूरच्या. काका सेक्टर १७ मधल्या कचेरीतून निवृत्त झाले आणि दोघं इथेच, शेजारच्या पंचकुल्यात राहिली. मूलबाळ नव्हतं. पुढच्याच आठवड्यात त्यांनी मला घरी बोलावून आम्रखंड शिकवलं. इथल्या उन्हाळ्यात दही बाहेर टांगलं तर आंबट होतं, म्हणून त्या ते फडक्यात बांधून फ्रिजच्या जाळीला टांगायच्या. हापूसचा हट्ट नाही, इथला दशहरीच घ्यायच्या. "जिथं राहतो तिथला आंबा गोड मानावा," म्हणायच्या. माझी मुलगी वाटी पुढे करून "काकू, थोडा और दो ना" म्हणाली, की काकूंच्या हातातला चमचा तसाच थांबायचा. "अजून द्या म्हण, मग देते." पोरांना मराठी बोलतं करायचा एवढा गोड उपाय आम्हा आयांना कधी सुचला नाही.

गेल्या वर्षी त्यांना कॅन्सर झाला. जूनपर्यंत चार केमो झाल्या होत्या. कुणी काय आणायचं याची यादी मी करायचे. काकूंना दगदग नको म्हणून गोडाच्या पुढे मी 'आइस्क्रीम, बाहेरून' असं लिहिलं आणि शनिवारी दुपारी ग्रुपवर टाकून दिलं. त्यांना विचारलं नाही. उलट आपण फार समजूतदारपणा केला, असंच मला वाटत होतं.

काकू आल्या. डोक्याला रुमाल, काकांचा हात धरलेला, दुसरा हात रिकामा. त्या थेट खुर्चीवर जाऊन बसल्या. सावली शोधली नाही की कुणाला वाढलं नाही. कुणीतरी दिलेला आइस्क्रीमचा कप त्यांनी नुसता धरून ठेवला आणि ते वितळून गेलं. निघताना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "एक फोन करायचा होतास गं."

"तुम्हाला त्रास नको म्हणून, काकू..."

"हो हो, समजते मला," त्या म्हणाल्या आणि माझ्या गालावरून हात फिरवला. तो हात केवढा हलका झाला होता!

ऑगस्टमध्ये काकू गेल्या. चौथ्या दिवशी मी भेटायला गेले, तेव्हा काका आपणहून सांगू लागले. त्या शनिवारी काकूंनी सकाळीच दही बांधलं होतं. हातात जोर नव्हता, म्हणून गाठ काकांनी मारली. दुपारी यादी आली. ती वाचून काकूंनी फडकं सोडलं आणि दही परत पातेल्यात ओतलं.

"मी म्हटलं, केलंच आहे तर ने," काका म्हणाले. "तर म्हणाली, 'नको. दुखणेकरी बाईच्या हातचं खायला लोकांना कसंतरी वाटत असेल. पोरगी चांगली आहे बिचारी, तोंडावर कशी सांगणार?'"

"तसं नव्हतं हो, काका," मी म्हणाले. रडू आवरेना. त्यांनी मान हलवली, पाण्याचा पेला पुढे केला. त्यांना ते पटलं असावं. पण काकू मात्र तसंच समजून गेल्या.