पाहुण्याला दिलेलं पाणी

फोनच्या जरा जवळ सरका गं पोरींनो. शालन गेली त्याला महिना होत आला, अन् तुम्ही अजून लांबूनच विचारताय, "काकू, कसं झालं?" असं फोनवर सांगायचं असतं व्हय? बरं, ऐका.

शालन माझी धाकटी नणंद. केजला आमच्याच घरात राहिलेली मास्तरीण. गावोगावी डिशच्या छत्र्या उगवल्या, जो तो कुठंकुठं निघाला, त्या दिवसांत ही समुद्रातल्या एका एवढ्याशा बेटांच्या देशात शिकवायला गेली. सासूबाई म्हणाल्या, "बरंय बाई, तिथं तरी टँकरची वाट बघावी लागायची न्हाई."

तिथं वेगळंच होतं. समुद्र दरवर्षी थोडा आत सरकायचा. आधी नारळांची रांग गेली, मग कबरस्तानाची भिंत, शेवटी विहिरी खारट झाल्या. पोरं आजारी पडायला लागली. बेट रिकामं करायचं म्हणून सरकारनं सभा घेतली, तिथं इब्राहिम नावाच्या होडीवाल्यानं एवढंच विचारलं, "आम्हाला इथून हलवणार असाल, तर आधी आम्हाला विचारणार का?" दुसऱ्या दिवशी पोलिसांनी त्याला धरून नेलं. कुठं, ते त्याच्या बायकोलाही सांगेनात. बाहेरून आलेल्या शिक्षकांना ताकीद मिळाली... तोंड उघडलं की घरी.

मग तिथल्या सरकारचे मोठे साहेब शाळा बघायला आले. त्यांच्यासाठी बाटल्या मागवून ठेवल्या होत्या. पाहुण्याला आधी पाणी द्यायचं ही आपली रीत, म्हणून पाण्याचं काम शालननं मागून घेतलं, अन् विहिरीचंच पाणी पेल्यात भरून पुढं केलं. साहेबांनी घोट घेतला अन् थुंकला. ही म्हणाली, "पोरं हेच पितात, साहेब. हे बोलणारा माणूस तुमच्याकडं आहे. त्याला सोडा."

थोड्याच दिवसांत ही ट्रंक घेऊन केजच्या स्टँडवर उतरली. शेजारीण म्हणाली, "समुद्रातून आलीस, मोती का न्हाई आणले गं?" ही हसली. "एक पेला पाणी लई महाग पडलं, मावशी."

नोकरी गेल्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. आपल्या बोलण्यानं इब्राहिम सुटला की आणखी अडकला, हे मात्र तिला आतून खात राहिलं. शेवटी दवाखान्यात मी चमच्यानं पाणी पाजत होते, तर मनगट धरून म्हणाली, "वहिनी, सुटला असंल का तो?" "सुटला असंल," म्हणाले मी. मला तरी काय ठाऊक...

तिकडून आल्यापासून तिची एक सवय. घरी कुणीही येवो, पाणी आधी स्वतःच्या तळहातावर घेऊन चाखायची. "गोड हाय," म्हणायची, मगच पेला पुढं. तिचा तो पेला अजून माठावर उपडा आहे. आता मी चाखते. या की एकदा, लवकर या. चाखलेलं पाणी देईन... अन् इब्राहिमची कुठून काही खबर लागली, तर तेवढी घेऊन या.