आत्यांनी सोडलेलं एकमेव पुस्तक

आत्यांनी आयुष्यभर फक्त वाईट पुस्तकं वाचली.

मी अर्धवट सोडलेली.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या निरगुडसरकडं सासूला आत्या म्हणतात. आज त्यांची तिथी.

नव्वदच्या दशकात मी जुन्नरहून लग्न होऊन आले, तेव्हा एक सवय माझ्यासोबत आली. पुस्तक बोअर झालं की मी सोडते. दोन-चार प्रकरणं बघते. लेखक सुधारत नसेल, तर त्याला राम राम. माहेरी कुणाला त्याचं काही वाटायचं नाही.

ह्यांची नोकरी मंचरला. येताना लायब्ररीतून पुस्तकं आणायचे, निवड कव्हर बघून. आवडलेलं मी लगेच संपवायची आणि ते परत जायचं. न आवडलेली घरात लोळत राहायची, कारण ती परत द्यायची आठवण कुणालाच नसायची.

मग मला दिवस गेले. डॉक्टरांनी बेडरेस्ट सांगितली. पुस्तकं वाढली आणि माझा पेशन्स कमी झाला. खाटेखाली, खिडकीत, धान्याच्या कोठीवर, जिकडेतिकडे अर्धी पुस्तकं. मध्ये खुणेला केसांतली पिन.

एक दिवस आत्या दारात उभ्या राहून ते बघत होत्या.

"ही समदी अर्धीच हायेत?"

म्हटलं, हो. टुकार आहेत.

दुपारी त्या हातपाय धुऊन आल्या, पाटावर बसल्या आणि पिन होती तिथून वाचायला लागल्या. मोठ्यानं. पोथीच्या चालीत.

आमच्याकडं श्रावणात पोथी लागते. एकदा लावलेली पोथी अर्धी सोडायची नसते, घराला बाधते म्हणतात. आत्या चौथी शिकलेल्या, आणि पोथीशिवाय त्यांनी आजवर काही वाचलेलं नव्हतं. त्यामुळे छापून बांधलेलं जे काही असेल, ते त्यांच्या लेखी पोथीच.

ही पहिली पोथी डिटेक्टिव्ह निघाली. हॉटेलात खून, पोलिसांची धावाधाव. आत्या ओळीवर बोट ठेवून शांतपणे सगळं म्हणत होत्या. खुनी सापडला, तेव्हा त्यांनी पुस्तक कपाळाला लावलं आणि आळीतल्या पोरांच्या हातावर साखर ठेवली.

समाप्तीचा प्रसाद.

शेजारणीनं विचारलं, अवेळी कुठली पोथी लावली होती? आत्या म्हणाल्या, सुनेची.

मी विचारलं, कशी होती?

"लई रटाळ. पण संपली एकदाची."

मी पोट धरून हसले. संध्याकाळी ह्यांना सांगून पुन्हा हसले.

त्यांचं तिसरं की चौथं पुस्तक चाललेलं असताना मी म्हटलं, आत्या, डोळे दुखतात तुमचे, कशाला ही शिक्षा?

तेव्हा त्यांनी सांगितलं.

ह्यांच्या आधी त्यांना एक मुलगी होती. एका श्रावणात पोथी चालू असताना तिला ताप भरला. आत्या पोथी अर्धी टाकून उठल्या. ती पोथी पुरी झालीच नाही. मुलगी गेली.

"मी उठले म्हणून गेली," त्या म्हणाल्या. भाजी निवडता निवडता सांगावं तसं. "तुझ्या पोटातल्याला कशाला तसलं काय."

माझं हसणं तिथंच थांबलं.

पुस्तकं सोडणं मात्र थांबलं नाही. प्रयत्न केला, खरंच. पण एका ऐतिहासिक कादंबरीत तलवारीचं वर्णन संपेचना, आणि मला झोप लागली. सकाळी ती आत्यांच्या हातात होती.

मला मुलगी झाली. ठणठणीत. आत्यांनी त्याचं श्रेय कशाला दिलं, ते सांगायला नको.

मग वर्षानुवर्षं हेच चाललं. मी सोडायचं, त्यांनी संपवायचं, पोरांनी साखर खायची. माझी मुलगी आजीच्या मांडीवर बसून घटस्फोटाच्या आणि सुडाच्या गोष्टी पोथीच्या चालीत ऐकत मोठी झाली.

एकदा मी एक खरंच सुंदर पुस्तक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी विचारलं, तुझं वाचून संपलंय का? हो म्हटल्यावर परत दिलं.

"मग माझं काय काम त्याच्यात?"

दोन हजारनंतर त्या खाटेला खिळल्या. जाड भिंगाचा चष्मा, हात थरथरायचे, तरी वाचन चालूच. शेवटी हातात होती ती एक कौटुंबिक कादंबरी. त्यातली सून प्रत्येक प्रकरणात रडायची. मी फार लवकर सोडलेली.

एका संध्याकाळी आत्यांनी ती मिटली. कपाळाला लावली नाही.

"ह्याच्यात काय राम न्हाई. ऱ्हाऊ दे."

मला वाटलं, थकल्या असतील. म्हटलं, राहिलंय ते मी वाचून दाखवते. त्यांनी मान हलवून नको म्हटलं. मग मला जवळ बसवलं.

"सुनंदा, पोथीनं न्हाई गं नेली माझी पोरगी. तापानं नेली. गाडी नव्हती, ओढ्याला पाणी व्हतं. ती रडत व्हती, म्हणून मी उठले. आईनं उठाया नको?"

मला रडू आलं. त्या मात्र निवांत दिसत होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं बघितलं नव्हतं.

मग त्यांनी साखरेचा डबा मागितला. चिमूटभर माझ्या हातावर ठेवली, चिमूटभर नातीच्या. आणि एक चिमूट खाटेशेजारच्या पाटावर ठेवली.

ती कुणासाठी, हे मी विचारलं नाही.

थोड्याच दिवसांत त्या गेल्या.

ते पुस्तक आमच्याकडंच राहिलं. लायब्ररीला त्याबदली दुसरं दिलं. आज सकाळी कपाटातून काढून बघितलं. मी सोडलं तिथं माझी पिन आहे, गंजलेली. त्यांनी सोडलं तिथं काहीच खूण नाही. त्यांना परत यायचंच नव्हतं.

लेक पुण्याहून आली होती. तिच्या हातावर साखर ठेवली. एक चिमूट पाटावर ठेवली.

आत्या, पुस्तक अर्धंच ठेवलंय.

नमस्कार करते.