पट्टा खोटं बोलत नाही

शिलाई मशीनखाली कात्रणं साठतात तसे आमच्या बाकड्यावर किस्से साठतात. रोज झाडून काढतो, तरी संध्याकाळी मूठभर सापडतातच. काही फेकवत नाहीत. ती मी पिशवीत ठेवतो. गेल्या वर्षीची सगळी कात्रणं मात्र एकाच गोष्टीची निघाली: माझ्या मनगटावरचा तो पावलं मोजणारा पट्टा!

माझं दुकान भिंगारला. लष्करातल्या जवानांचे कपडे मापात बसवून देतो. शाळा चौथीपर्यंत, पण शिंपी म्हटल्यावर सगळं गाव मास्तर म्हणतं. दुकानासमोरच्या बाकड्यावर माझे दोन दोस्त बसतात. एक रज्जाकभाई, एसटीचा रिटायर्ड ड्रायव्हर. दुसरा नाना. सकाळी भाजी विकतो, संध्याकाळी भजनात टाळ वाजवतो.

उन्हाळ्यात एकदा मशीनवरच मला चक्कर आली. डॉक्टर म्हणाले, "बसून बसून झालंय. रोज चाला." पुण्याहून माझी मुलगी सुनीता धावत आली. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मी एकटाच असतो, तेव्हा पोरीची काळजी खरी होती. तिनं अट घातली, "बाबा, रोज सहा हजार पावलं. पट्टा घ्या, तो मोजेल, मला मोबाईलवर दिसेल. दिवाळीपर्यंत जमलं तर राहा इथं. नाही जमलं, तर दुकान बंद आणि पुण्याला चला."

तिचं घर चांगलं आहे, जावई देवमाणूस आहे. पण मजला अकरावा. तिथून खाली बघितलं की माणसं शर्टाच्या बटणाएवढी दिसतात. बटणांशी मी किती दिवस बोलणार?

* * *

पट्टा घ्यायला आम्ही तिघे नगरला गेलो. दुकानदारानं काचेवर सात-आठ पट्टे मांडले आणि विचारलं, "काका, तुमचा वापर काय? स्विमिंग करता? सायकलिंग? ट्रेकिंग?"

मी म्हणालो, "काज-बटण करतो."

त्यानं झोप मोजणारा दाखवला, ताण मोजणारा दाखवला, फोन घेता येणारा दाखवला. मी खिशातून टेप काढून प्रत्येकाची रुंदी बघत होतो. एक आवडला, पण घेराला दोन सूत सैल होता. मी सवयीनं म्हणालो, "हा आत घेता येईल का?"

रज्जाकभाईनं मला बाजूला सारलं. "मास्तर, तू गप बस. सदतीस वर्षं मी काट्यावर नजर ठेवून गाडी चालवलीय. मीटर कसा बघायचा ते मला विचार." त्यानं दोन्ही मनगटांवर दोन-दोन पट्टे चढवले आणि मोठ्यानं "एक, दोन, तीन" मोजत थेट दुकानाबाहेर पडला. स्वतःची शंभर पावलं मोजून परत यायचं आणि कुठला पट्टा बरोबर शंभर दाखवतो ते बघायचं, हा त्याचा विचार. पण तो त्यानं कुणाला सांगितलाच नव्हता! सिक्युरिटीवाला ओरडत मागे पळाला. रज्जाकभाई हातानं त्याला थांबवतोय आणि तोंडानं "एकसष्ट, बासष्ट" चालूच.

परत आला तेव्हा एका पट्ट्यावर अठ्ठ्याऐंशी, दुसऱ्यावर एकशे एकतीस, तिसरा बंदच. चौथ्यावर बरोबर शंभर.

"हाच घे," तो म्हणाला. "हा पट्टा खोटं बोलत नाही."

सिक्युरिटीवाला धापा टाकत म्हणाला, "माझी पावलं कोण मोजणार? मीपन पळालोय!"

* * *

पहिल्या दिवशी मी सकाळी नऊपासून पायमशीन मारली. संध्याकाळी पट्टा बघितला. तीनशे बारा पावलं! दिवसभर पाय हलत होते आणि हा म्हणतोय तुम्ही बसून होता. वर तासातासाला मनगटावर थरथरून मला उठायला सांगत होता.

मी विचार केला, चालतात पाय, तर मोजायचं हातावर कशासाठी? दुसऱ्या दिवशी पट्टा घोट्याला बांधला आणि तीन पँटी शिवल्या.

संध्याकाळी सुनीताचा फोन. आवाज घाबरा. "बाबा, आज एकोणचाळीस हजार पावलं? शिंगणापूरला चालत गेलात की काय?"

"नाही गं, दुकानातच होतो."

"मग एवढे कुठं चाललात?"

काय सांगणार? म्हणालो, "पँटीला पायच फार लांब होते."

रज्जाकभाई म्हणाला, "पट्ट्याची चूक नाही. चाक जागच्या जागी फिरवलं तरी मीटर पळतोच. पट्टा खोटं बोलत नाही, मास्तर. तू बोलतोस."

तेव्हापासून पट्टा हातावर, आणि सकाळी आम्ही तिघे लष्कराच्या हद्दीतल्या झाडांच्या रस्त्यानं चालायला लागलो.

* * *

नानानं एकदा हौसेनं पट्टा मागितला. संध्याकाळी तो बांधून भजनाला गेला आणि दोन तासांनी उड्या मारतच आला.

"मास्तर! चार हजार दोनशे! मी तर मांडी घालून बसल्तो!"

टाळ वाजवताना हात हलतात, पट्टा त्यालाच चालणं समजतो. नाना हळवा झाला. "चाळीस वर्सं टाळ वाजवतोय मी. देवानं मोजलं का न्हाई ठाव न्हाई. ह्यानं तरी मोजलं."

दुसऱ्या दिवशी पाय दुखत होते आणि माझ्या खात्यात दोन हजार पावलं कमी होती. मला देव आठवला! मीही भजनाला जाऊन बसलो, टाळ घेतले आणि डोळे मिटून वाजवायला लागलो. अभंग संथ होता. पण माझा हात अभंगाकडे बघेना, आकड्याकडे बघत होता.

दुसऱ्या कडव्याला बुवांनी पेटी थांबवली. "मास्तर, आपण सगळे एकाच गावाला निघालोय ना? मग तुम्ही एकटेच पुढं का पळताय?"

* * *

हा किस्सा सांगताना मला अजून लाज वाटते.

ओळखीतले एक गृहस्थ वारले. दहाव्याला नदीकाठी गेलो. विधी चालू होता, कावळ्याची वाट बघत सगळे उभे होते. माझी पावलं कमी पडलेली. मी हळूच बाजूला झालो आणि झाडाखाली येरझाऱ्या घालायला लागलो. मान खाली, हात मागे. इकडून तिकडं, तिकडून इकडं.

लोक बघायला लागले. एकजण हळू आवाजात म्हणाला, "मास्तरांना फार लागलेलं दिसतंय."

शेवटी त्यांचा मुलगा उठून आला आणि त्यानं मला मिठी मारली. "काका, सावरा. तुमचा एवढा जीव होता बाबांवर, आम्हाला माहीतच नव्हतं!" आणि नेमकं त्याच वेळी सहा हजार भरले. त्याच्या पाठीवर टेकलेला माझा हात थरथरायला लागला. पट्टाच तो! पण पोरानं मला आणखी घट्ट धरलं.

खरं सांगू का? मी त्यांना आयुष्यात एकच सफारी शिवून दिला होता. तो काखेत घट्ट होतो म्हणून ते शेवटपर्यंत माझ्याशी बोलत नव्हते.

* * *

दसरा जवळ आला. पावलं भरत होती, पण डोळा दगा द्यायला लागला. सुईत दोरा जाईना. मी कुणाला सांगितलं नाही. अंदाजानं शिवत राहिलो. एक दिवस एक जवान शर्ट घेऊन परत आला. छातीवरची नावाची पट्टी मी उलटी शिवली होती.

"मास्टरजी," तो हसत म्हणाला, "नाम पढ़ने के लिए साहब को सिर के बल खड़ा होना पड़ेगा!"

मीही हसलो. तो गेल्यावर मात्र शर्ट उसवता येईना. टाकाच दिसत नव्हता. रज्जाकभाई बाकड्यावरून उठला, माझ्या हातातून कातर घेतली आणि एकेक टाका स्वतः उसवला. मग म्हणाला, "चल, डोळ्याच्या डॉक्टरकडे."

मोतीबिंदू निघाला. पिकलेला. सुनीताला कळलं असतं तर तिनं ऑपरेशनसाठी पुण्याला नेलं असतं, आणि एकदा गेलेला म्हातारा परत येत नाही. म्हणून नगरलाच गुपचूप करायचं ठरवलं. (हे मी तिला पुढं स्वतःच सांगितलं. दोन दिवस बोलली नाही.)

पण त्या दिवसांतली पावलं?

"तुझी पावलं मी चालतो," रज्जाकभाई म्हणाला.

बुधवारी अकराला मला आत घ्यायचं होतं. नर्स म्हणाली, "हातातलं काढून ठेवा." मी पट्टा काढला आणि रज्जाकभाईच्या मनगटावर बांधला. बक्कल दोनदा निसटलं. शिंप्याचा डोळा गेला तर त्यानं काय करायचं? अकराव्या मजल्यावरून बटणं बघायची.

"घाबरतोस काय!" तो खेकसला. "हेडलाईटची काच बदलायचीय फक्त. डेपोत आम्ही दहा मिनिटांत बदलायचो. जा आत."

पाऊण तासानं डोळ्याला पट्टी लावून बाहेर आलो. तो बाकड्यावर होता.

"बराच वेळ बसावं लागलं का रे?" मी विचारलं.

"बसतोय कशाला? झोपलो होतो मस्त. घोरत होतो. नर्सला विचार."

पुढचे आठ दिवस माझा पट्टा बांधून तो चालला. रोज बरोबर सहा हजार. एक पाऊल जास्त नाही. "तुझ्या नावावर फुकट कशाला चालू?" म्हणायचा.

* * *

दिवाळीच्या आधीच्या रविवारी सुनीताचा फोन आला. आम्ही तिघे बाकड्यावर होतो. मी फोन स्पीकरवर टाकला.

"बाबा, जिंकलात तुम्ही! तो पहिला दिवस सोडला तर एकही दिवस चुकला नाही. रज्जाकचाचा, तुम्ही निवडलेला पट्टा एक नंबर निघाला हं!"

रज्जाकभाई मिशीत हसला. "मग? पट्टा खोटं बोलत नाही, बेटा."

"हो ना. म्हणूनच एक विचारायचंय, बाबा." तिचा आवाज बदलला. "ह्यात छातीचे ठोकेपण दिसतात. मी मागचं सगळं बघत बसले होते. त्या बुधवारी सकाळी अकरा वाजता काय झालं होतं? पाऊण तास तुम्ही एका जागी बसलेले दिसताय. पाऊल एकही नाही. आणि ठोके एकशे अठ्ठावीस! पाऊण तास, बाबा! एवढं घाबरण्यासारखं काय होतं? मी उद्या येते. तुम्हाला घेऊनच जाते."

उजव्या डोळ्यानं मला आता लांबचंही स्वच्छ दिसत होतं. मी रज्जाकभाईकडे बघितलं. तो रस्त्याकडे बघत होता.

नाना म्हणाला, "पन पट्टा तर खोटं..."

रज्जाकभाईनं त्याच्या हातात चहाचा कप कोंबला आणि फोन स्वतःकडे ओढला.

"सुनी बेटा, तू येऊ नकोस. पट्टा भंगार आहे. मी दुकानातच म्हणत होतो, दुसरा घ्या."